सुझौ: तीन वर्षांच्या बदलीपूर्वीचे अकरा दिवस

सीनाकाठ

नमस्कार. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या चाकणजवळच्या एका कारखान्यात मी 14 वर्षे गुणवत्ता विभागात काम करतो. येत्या मार्चपासून तीन वर्षांसाठी माझी बदली आमच्याच कंपनीच्या चीनमधील सुझौ येथील कारखान्यात झाली आहे. पत्नी शाळेत शिक्षिका आहे. ती बिनपगारी रजा घेऊन आमच्या सात वर्षांच्या मुलीसह जूनमध्ये माझ्यामागून येईल. त्यापूर्वी शहर पाहून राहण्याची जागा ठरवावी, म्हणून कंपनीने मला 17 ते 27 सप्टेंबर 2025 असे अकरा दिवस तिकडे पाठवले होते. सुझौच्या सहलींची वर्णने मराठीत सापडतात, पण तिथे संसार मांडू पाहणाऱ्याच्या उपयोगाचे फारसे काही मला मिळाले नाही. म्हणून जे पाहिले ते लिहितो, आणि जे ठरवता आलेले नाही ते शेवटी विचारतो.

सुझौ हे ज्यांगसू प्रांतातील शहर शांघायच्या पश्चिमेला साधारण 100 किलोमीटरवर आहे. 2020 च्या जनगणनेत शहर आणि त्याच्या अखत्यारीतील कुनशान, ताईत्सांग वगैरे नगरे धरून लोकसंख्या 1 कोटी 27 लाखांच्या घरात होती, तरीही शहराला स्वतःचा विमानतळ नाही. शांघायच्या पुदोंग किंवा होंगछ्याओ विमानतळावर उतरायचे आणि पुढे रेल्वेने यायचे, ही इथली रीत आहे. शांघायहून जलद गाडी सुमारे अर्ध्या तासात पोहोचवते. मी हाँगकाँगमार्गे गेलो. ऑक्टोबरपासून भारत आणि चीन यांच्यातील थेट विमाने पुन्हा सुरू झाल्यामुळे मार्चमध्ये ती यातायात वाचेल असे वाटते.

राहण्याच्या दृष्टीने माझ्यासमोर दोन निराळी शहरे होती. एक म्हणजे गुसू, म्हणजे खंदकाच्या आतले जुने सुझौ. वू राज्याच्या हलू राजाने इ.स.पू. 514 मध्ये वसवलेली ही राजधानी तेव्हापासून त्याच जागी उभी आहे. येथील कन्फ्यूशियसच्या मंदिरात 1229 साली दगडावर कोरलेला शहराचा नकाशा जपून ठेवला आहे. रस्ता आणि त्याला समांतर कालवा अशी दुहेरी चौकट त्यात स्पष्ट दिसते, आणि हातातील आजचा नकाशा शेजारी धरला तर कित्येक कालवे तसेच्या तसे जुळतात. जुन्या शहरात इमारतींच्या उंचीवर 24 मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे उत्तरेकडील 76 मीटर उंचीचा बेइस मनोरा अजूनही दुरून दिसतो. दुसरे शहर म्हणजे पूर्वेकडील औद्योगिक नगरी. चीन आणि सिंगापूर या दोन सरकारांमधील 1994 च्या करारातून ती उभी राहिली. तिचे क्षेत्र 278 चौरस किलोमीटर असून मध्यभागी जिनजी सरोवर आहे. रुंद रस्ते, ओळीने लावलेली झाडे, आंतरराष्ट्रीय शाळा आणि 30 मजली इमारतींचे बंदिस्त गृहसंकुल, ज्याला तिथे श्याओछू म्हणतात, हे सारे तिथेच आहे. आमचा कारखाना या नगरीच्याही पूर्व टोकाला, वेइटिंग भागात आहे.

पहिले दोन दिवस मी पाहुण्यासारखा फिरलो. उद्याने पाहिली, आय. एम. पेई यांनी रचलेले आणि 2006 मध्ये खुले झालेले संग्रहालय पाहिले. तिसऱ्या दिवसापासून मात्र ठरवले की ज्या वेळी मला तिथे जगायचे आहे, त्या वेळीच शहरात असायचे. सकाळी सात वाजता जुन्या शहरातून निघून मेट्रोने कारखान्यापर्यंत गेलो. एकदा मार्ग बदलावा लागला, प्रत्येक स्थानकाप्रमाणे सुरुवातीला पिशवीची तपासणी झाली, आणि दारापासून दारापर्यंत 1 तास 5 मिनिटे लागली. सरोवराजवळच्या मुक्कामातून तेच अंतर 40 मिनिटांत कापले. कंपनीची बस सरोवराच्या पश्चिम काठापर्यंत येते, जुन्या शहरात येत नाही.

22 तारखेला आमच्याकडे घट बसले. उपवास परदेशात कसा निभावायचा या विचारात मी सकाळी फंगमन हंगज्ये या बाजारगल्लीत गेलो. ही गल्ली खंदकाच्या पूर्वेला, जुने शहर संपते तिथे आहे. बाजूने कालवा, वर तारांवर वाळत घातलेले कपडे आणि खाली भाजीवाल्यांच्या टोपल्या. एका दारासमोर चार-पाच वयस्क बायका बुटक्या स्टुलांवर बसून काहीतरी सोलत होत्या. प्रत्येकीच्या अंगठ्यावर आणि बोटावर धातूचे नखासारखे टोपण होते. तपकिरी कवचाचा हरभऱ्याएवढा दाणा त्या टोपणात धरून दाबला की आतून दुधाळ पांढरा मोती निघे आणि पाण्याच्या पातेल्यात पडे. नाव विचारले तर ‘जीथौमी’ असे उत्तर आले. फोनवर चित्र शोधले तेव्हा कळले की हा ताजा मखाणा आहे. आपल्याकडे तो लाह्या होऊन येतो, म्हणून मी तो ओळखला नव्हता. शेजारच्याच टोपलीत शिंगाडे होते, आणि पलीकडे कमळकाकडी. पाण्यात उगवणाऱ्या अशा आठ खाद्यवनस्पतींना तिथे ‘शुई बा शियान’ म्हणजे पाण्यातले आठ सिद्धपुरुष म्हणतात आणि शरद ऋतूत सारे शहर त्यांची वाट पाहते. मी अर्धा किलो शिंगाडे घेतले आणि मुक्कामी जाऊन उकडून खाल्ले. त्या क्षणी या शहराशी माझा पहिला खरा संबंध जुळला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एक अडचणही सांगतो. तिथे रोख पैसे फारसे कोणी वापरत नाही. अलिपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपवर आपले भारतीय कार्ड जोडता येते आणि 200 युआनपर्यंतच्या एका व्यवहारावर जादा शुल्क पडत नाही. माझ्या बँकेने मात्र चौथ्या दिवशी कार्ड अडवले आणि पडताळणीचा संदेश त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आलाच नाही. टॅक्सीचे पैसे देता येईनात. चालकाने शांतपणे वाट पाहिली, मी पाकिटातली 100 युआनची नोट काढली, आणि सुटे नसल्यामुळे त्याने समोरच्या दुकानातून ती मोडून आणली. आता मी दोन निरनिराळ्या बँकांची कार्डे आणि थोडी रोकड जवळ ठेवणार आहे.

कारखान्यातल्या एका निवृत्तीला आलेल्या पर्यवेक्षकांनी मी भारतात कुठला असे विचारले. मी मूळचा सोलापूरचा असे सांगून डॉ. कोटणीस यांचे ‘ख दीहुआ’ हे चिनी नाव उच्चारले, तर ते लगेच उभे राहिले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. 1942 साली वयाच्या 32 व्या वर्षी दूर हपेई प्रांतात वारलेल्या आमच्या गावच्या माणसाची ही ओळख मला तिथे इतकी साथ देईल, असे वाटले नव्हते.

आता प्रश्न. मी तीन घरे पाहिली. पहिले पिंगज्यांग रस्त्यामागच्या गल्लीत, सहा मजली जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, उद्वाहक नाही, पण खिडकीतून कालवा दिसतो. दुसरे सरोवराच्या पूर्वेला, 28 मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर, शाळा जवळ. तिसरे सरोवराच्या पश्चिमेला दोंगहुआन रस्त्याच्या पलीकडे, थोडे जुने संकुल, अकरावा मजला. तिथून ती बाजारगल्ली पायी 20 मिनिटांवर आहे. मन पहिल्यात आहे आणि हिशेब दुसऱ्याकडे ओढतो. तिथे राहिलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

द्राक्षबाग

सीनाकाठ, फार नेटका धागा काढलात. मी कुनशानमध्ये सहा वर्षे काढली आहेत, त्यामुळे हवेबद्दल अधिकाराने सांगू शकतो. आपण सप्टेंबरमध्ये गेलात, आणि तो तिथला सर्वांत सुखाचा काळ आहे. त्यावरून घर ठरवू नका.

चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि हुआय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला हिवाळ्यात घरे सार्वजनिक व्यवस्थेतून तापवली जातात. सुझौ त्या रेषेच्या दक्षिणेला येते. म्हणजे जानेवारीत बाहेर दोन-तीन अंश असताना घरात जे काही असेल ते तुमचे तुम्ही करायचे. हवा ओलसर असल्यामुळे ती थंडी हाडांत शिरते. बीजिंगहून आलेले माझे सहकारीसुद्धा कुनशानच्या थंडीने हैराण होत. जुन्या इमारतीत खिडक्या एकपदरी काचेच्या असतात आणि भिंतीतून गारवा येतो. नव्या घरांपैकी काहींमध्ये जमिनीखालून तापवण्याची सोय असते, तिला ‘दीनुआन’ म्हणतात. दलालाला पहिला प्रश्न तो विचारा. जूनच्या मध्यापासून पुढे तीन-चार आठवडे ‘मेईयू’ म्हणजे आलुबुखाराच्या मोसमाचा पाऊस लागतो, तेव्हा कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. कोकणातल्या माणसाला हे नवे नाही, पण सोलापूरकराला जड जाईल. आपले कुटुंब नेमके त्याच दिवसांत येणार आहे, तेव्हा घरात हवा कोरडी करणारे यंत्र आधीच घेऊन ठेवा.

लंबक

मी वास्तुरचनाकार आहे आणि सुझौत कधी गेलेलो नाही, पण पाचव्या मजल्याबद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. सुझौचा अक्षांश साधारण 31.3 अंश उत्तर आहे. 22 डिसेंबरला तिथे दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून फक्त 35 अंशांवर असतो. सोलापुरात त्याच दिवशी तो जवळजवळ 49 अंशांवर असतो. याचा अर्थ असा की 28 मजली, म्हणजे सुमारे 85 मीटर उंच इमारतीची सावली भर दुपारी 120 मीटर लांब पडेल. समोरची इमारत त्याहून जवळ असेल तर पाचव्या मजल्यावर हिवाळ्यात ऊन फार थोडा वेळ येईल. द्राक्षबाग यांनी सांगितलेली थंडी लक्षात घेता ही गोष्ट शाळेच्या अंतराएवढीच महत्त्वाची आहे. आपण तिन्ही घरांच्या दिशा आणि समोरचे अंतर सांगाल का?

सीनाकाठ

लंबक, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दलाल प्रत्येक घरात शिरताना ‘छाव नान’, म्हणजे दक्षिणाभिमुख, असे अभिमानाने सांगत होता आणि मी ते जाहिरातीतले विशेषण समजून सोडून दिले. नकाशावर मोजले. दुसऱ्या घरासमोर दक्षिणेला तेवढीच उंच इमारत साधारण 70 मीटरवर आहे. तिसऱ्या घरासमोर सहा मजली वस्ती आहे, म्हणजे अकराव्या मजल्याला अडथळा नाही. पहिले घर कालव्याकडे तोंड करून आहे आणि कालवा उत्तरेला आहे.

ओवरी

मी औद्योगिक नगरीत नवऱ्याच्या बदलीनिमित्त 2015 ते 2019 अशी चार वर्षे राहिले. धाग्यात कारखान्याच्या अंतराचा विचार झाला आहे, म्हणून घरात राहणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते.

आपण सकाळी सातला जाल आणि संध्याकाळी सातला याल. मधले बारा तास आपली पत्नी त्या शहरात एकटी असेल. कुटुंबाला मिळणारा एस-1 व्हिसा सोबत राहण्यासाठी असतो, त्यावर नोकरी करता येत नाही. मी स्वतः जाण्यापूर्वी इथे भारतात महाविद्यालयात शिकवत होते. पहिले चार महिने मला सर्वाधिक त्रास याचा झाला की माझे काम, माझी भाषा आणि माझे रस्त्यावरचे ओळखीचे चेहरे एकदम गेले. सरोवराकाठची संकुले सुंदर आहेत, पण दुपारी दोन वाजता तिथे चिटपाखरू नसते. शेवटी मी रोज बसने जुन्या शहरात जाऊ लागले. एका चहाच्या दुकानात दुपारी पिंगथान चाले. एक बाई फीफा आणि एक पुरुष सानश्यान ही तंतुवाद्ये घेऊन बसत आणि सुझौच्या बोलीत कथा गात. शब्द एकही कळत नसे. ती बोली मुळात वू भाषेची आहे, मंदारिन येणाऱ्या परप्रांतीयांनाही ती कळत नाही. पण शेजारी बसणाऱ्या आजीबाईंनी महिन्याभरात माझ्यासाठी गरम पाण्याचा थर्मास स्वतःकडे सरकवून ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडूनच मी आकडे, भाज्यांची नावे आणि भाव करणे शिकले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की बाजार पायी अंतरावर असलेले घर घ्यावे, मग शाळेची बस 25 मिनिटे लागली तरी चालेल. सात वर्षांची मुलगी बसमध्ये मैत्रिणी करते. शाळेबाबत इतकेच, की प्रवेशाचे अर्ज आतापासून सुरू करा आणि फी कंपनी भरते की भत्त्यात धरते हे लेखी घ्या, कारण ती रक्कम आपल्या कल्पनेपेक्षा मोठी असते.

आणखी एक. विजेवरच्या दुचाकी तिथे अजिबात आवाज करत नाहीत आणि पदपथावरूनही येतात. मुलीला पहिल्या दिवसापासून मागे वळून पाहायची सवय लावा.

मोडीवाचक

कागदपत्रांकडे वेळेवर लक्ष द्या, मार्च दूर नाही. चीन नोव्हेंबर 2023 पासून अपॉस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्याने कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरण्याच्या, करारात आला आहे, हे वाचून अनेक जण समजतात की आपली पदवी अपॉस्टिल करून घेतली की झाले. भारत आणि चीन यांच्यामध्ये तो करार लागू नाही. पदवी प्रमाणपत्र, विवाहाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि पोलिसांचा चारित्र्यदाखला हे सारे आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी चिनी वकिलात अशा पायऱ्यांनी प्रमाणित करावे लागते. मला या सगळ्याला नऊ आठवडे लागले. त्यातले तीन आठवडे माझ्या पदवीवर वडिलांचे नाव होते आणि पारपत्रावर नव्हते एवढ्याच कारणाने गेले.

नावाची ही बाब तिथे गेल्यावरही पिच्छा सोडत नाही. पारपत्रात जसे नाव, जसा क्रम आणि जशी मोकळी जागा आहे, तसेच ते बँकेत, फोनच्या जोडणीत आणि रेल्वेच्या तिकिटावर असले पाहिजे. एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसऱ्या ठिकाणी नंतर लागले तर अलिपे बँकेच्या खात्याशी जुळत नाही. बँकेच्या खिडकीवर पारपत्र उघडून बोटाने अक्षर अक्षर दाखवा आणि खाते उघडण्यापूर्वी छापील कागद वाचा.

कामाच्या झेड व्हिसावर पोहोचल्यानंतर 30 दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. हॉटेल सोडून भाड्याच्या घरात गेलात की 24 तासांच्या आत त्या भागातील पोलीस चौकीत, म्हणजे ‘पायछूस्वो’त, नोंद करावी लागते. हॉटेल आपली नोंद स्वतः करते, घरमालक करत नाही. परगावी जाऊन आल्यावर किंवा परवाना बदलल्यावर नोंद पुन्हा करावी लागते का, हे त्या चौकीतच विचारून ठेवा.

भाड्याची रीत ‘या यी फू सान’ अशी असते, म्हणजे एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे आगाऊ. करारात मालक फाप्याओ देईल असे लिहून घ्या. ती अधिकृत पावती असल्याशिवाय घरभाड्याचा भत्ता करमुक्त दाखवता येत नाही. परदेशी कर्मचाऱ्यांना ही सवलत 2027 च्या अखेरपर्यंत आहे. काही मालक फाप्याओसाठी भाडे वाढवून मागतात, तेव्हा आकडा ठरवण्याआधी विषय काढा.

तांबडी माती

मी मूळची पेडण्याची, सध्या शाओशिंगमधील कछ्याओ इथे कापडाच्या व्यापारात आहे. इथे भारतीय व्यापारी पुष्कळ आहेत, त्यामुळे किराण्याची अडचण पडत नाही. तूरडाळ, हिंग, पोहे हे सारे थाओबाओ या ऑनलाइन बाजारावर भारतीय दुकानांकडून मागवता येते आणि सुझौला घरपोच येते. पोळ्यांसाठी मात्र कणीक निवडून घ्या. तिथला साधा आटा मैद्यासारखा असतो.

आपण शाकाहारी असाल तर ‘वो छ् सू’ हे वाक्य पाठ करा. ‘सू’ हा शब्द बौद्ध आहाराचा आहे, त्यामुळे मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर कांदा-लसूणही वगळला जाण्याची शक्यता असते, आणि मंदिरांजवळची ‘सू’ उपाहारगृहे निर्धास्तपणे जेवावीत अशी असतात. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर भाजीवर खिम्याचा चुरा येतो, कारण तो त्यांच्या लेखी मांस नसून चव असते. शरद पौर्णिमेच्या सणाला सुझौत पापुद्र्यांचा ताजा गरम मूनकेक मिळतो. त्यात बहुधा डुकराचे मांस असते, तेव्हा मुलीच्या हातात देण्याआधी विचारा. आणि ‘जीमाओत्साय’, म्हणजे कोंबडीची पिसे, असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका, ती कोवळी पालेभाजी आहे. लसणाच्या फोडणीत चवळीच्या पाल्यासारखी लागते.

वाटसरू

सगळे सुझौतच घर शोधत आहेत, पण शांघायमध्ये राहून रोज ये-जा करण्याचा विचार केला का? जून 2023 पासून सुझौची मेट्रो 11 क्रमांकाच्या मार्गाने हुआछ्याओ येथे शांघायच्या मेट्रोला जोडली गेली आहे, आणि ती वेइटिंगहूनच सुटते.

द्राक्षबाग

वाटसरू, तो मार्ग मी वर्षभर वापरला आहे. वेइटिंग ते हुआछ्याओ हेच 41 किलोमीटर आणि 28 स्थानके आहेत. शांघायच्या मध्यभागापर्यंत दोन तासांहून अधिक लागतात. महिन्यातून एकदा शांघायला जाण्यासाठी तो स्वस्त आणि उत्तम आहे, रोजच्यासाठी नाही. रेल्वेने लवकर होते, पण दोन्ही टोकांना स्थानक गाठण्याचा वेळ धरला तर तीही रोज परवडत नाही.

प्रवासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. जून 2025 च्या अखेरीपासून चीनमधील देशांतर्गत विमानात 3सी ही चीनची सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. भारतातून नेलेली बहुधा तपासणीत काढून घेतील. शहरात प्रत्येक दुकानात ती भाड्याने मिळते, आणि फोन बंद पडला म्हणजे तिथे पैसे, नकाशा, तिकीट, भाषांतर हे सारेच बंद पडते, म्हणून ती भाड्याने कशी घ्यायची हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ओवरीताई, आपला प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की मी पाहिलेल्या तिन्ही घरांपैकी कुठल्या घरापासून त्या मखाणा सोलणाऱ्या बायकांपर्यंत तिला एकटीला पायी जाता येईल. अकरा दिवसांत मी तिला बाजाराची छायाचित्रे पाठवली होती, पण तिच्या दिवसाचे वेळापत्रक मांडून कधी पाहिले नव्हते. मी फक्त माझ्या सकाळी सातचा विचार केला होता.

आम्ही तिसरे घर नक्की करत आहोत. कालव्याकडचे घर सोडताना वाईट वाटले हे लपवत नाही. तिथल्या खिडकीत उभा असताना खालून एक माणूस लांब दांडीच्या जाळीने कालव्यातील पाने गोळा करत नाव हाकत गेला, आणि इथेच राहावे असे मला फार वाटले होते. पण उत्तरेची खिडकी, उद्वाहक नसलेले चार मजले, कंपनीची बस नाही आणि लहान मूल, हे सारे एकत्र धरता ते घर आमचे नव्हते. कारखान्यातील एका सहकाऱ्याने गेल्या रविवारी दुपारी तिसऱ्या घरी जाऊन पाहिले. अडीच वाजता ऊन दिवाणखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आले होते आणि खालच्या अंगणात लोकांनी गाद्या-रजया वाळत टाकल्या होत्या, असे त्याने छायाचित्रासह कळवले. दीनुआन नाही, दोन खोल्यांत नवे वातानुकूलन यंत्र बसवून देण्यास मालक तयार आहे. फाप्याओचा विषय भाडे ठरण्याआधी काढला, आणि मोडीवाचक म्हणाले तसेच महिन्याला थोडी वाढ मागितली गेली. कंपनीने ती मान्य केली आहे.

पदवी आणि विवाहाचा दाखला सोमवारी मंत्रालयात देत आहे. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचे नाव आणि पारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तो दुरुस्त करण्यासाठी सोलापूर महापालिकेत उद्या जाईन.

ओवरी

फार बरे वाटले. फंगमन हंगज्येत पुलाच्या अलीकडे सोयाबीनचे दूध आणि टोफू विकणारे एक जोडपे होते. अजून असेल तर पत्नीला सकाळी साडेसहापूर्वी तिथे जायला सांगा, गरम टोफू त्यानंतर उरत नाही. जूनमध्ये मखाणा मिळणार नाही, त्याला ऑगस्टची अखेर उजाडेल. त्या पहिल्या आठवड्यांसाठी आकडे शिकण्याच्या माझ्या ध्वनिफिती आहेत, त्या मी आपल्याला व्यक्तिगत निरोपात पाठवते.